हेतुदंड

चौदा कीर्तनं आणि चौदा दंड. वत्सलाताई निफाडकरांनी परतीचा अर्ज बँकेतल्या बोरवणकर साहेबांपुढे ठेवला.

"माझे बेचाळीसशे रुपये परत द्या. पेटीवाल्याचं मानधन अडलंय त्यात."

साहेबांनी पडद्यावरचं वाक्य वाचून दाखवलं नाही, नुसतं बोट ठेवलं. 'कुणाची दमडी परत देणार नाही, काय करायचं ते करा!'

"तुमच्या फोनमधून बँकेच्या यंत्रानं ऐकलंय, ताई. चौदा वेळा. ओव्हरड्राफ्ट बुडवायचा हेतू दिसला की यंत्र आधीच दंड कापतं."

"अहो, आख्यानातला लोकांच्या ठेवी बुडवणारा सावकार बोलतो ते!"

"आवाज तुमचाच आहे."

"मग कुणाचा असणार? परवा मी रावण झाले होते, तेव्हा नाही बरं पोलीस पाठवलेत?"

साहेब हसले नाहीत. ते संशयानं ताईंना निरखत होते. "यंत्र म्हणतं, तुम्ही फार मनापासून बोललात."

"मनापासून नाही बोललं तर मंडपात लोक घोरतात हो." ताईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "बरं, तुम्हीच म्हणा हे वाक्य, मोठ्यानं. तुमचा कुठे तसला हेतू आहे?"

साहेबांनी घसा खाकरला. मग खिशातून स्वतःचा फोन काढून बंद केला, खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं.

"हं, म्हणा आता," ताई म्हणाल्या.

साहेबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्यांनी कुलूपबंद खणाकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्यानं अर्जावर सही केली.