आपटून बघायची बग्गी

“ही मोडली कशी?” दुकानदाराने विचारलं.

काउंटरवर रिमोटची बग्गी उताणी पडली होती. पुढचं एक चाक निखळलेलं, वरचं प्लॅस्टिकचं कवच मधोमध चिरलेलं.

“पडली,” आई म्हणाली. खांद्यावरचं तान्हं नुकतंच झोपलं होतं, म्हणून ती हळू बोलली.

“पडली म्हणे!” बाबा हसला. “अहो, हिच्या आधीचीसुद्धा पडली होती. आमच्या घरात गाड्यांना चक्कर येते.”

दुकानदाराने काउंटरवरून वाकून मुलीकडे पाहिलं. “काय गं, चालवतेस की कुटतेस?”

हातातला रिमोट मुलीने फ्रॉकला पुसला आणि पुन्हा पोटाशी धरला.

“मी हिला तोफ म्हणतो,” बाबा म्हणाला. “मी आठवडाभर कामासाठी बाहेरगावी. शनिवारी घरी येऊन बघावं, तर गाडीचे तुकडे पिशवीत. कशी मोडली विचारलं, की बाईसाहेबांच्या तोंडात मिठाची गुळणी.”

“राहू दे ना,” आई म्हणाली. “चारचौघांत कशाला?”

“चारचौघांत जरा लाज वाटली तर बरंच आहे.”

विमानांच्या कपाटापाशी उभ्या असलेल्या जोडप्याने मागे वळून पाहिलं. आधी मुलीकडे, मग आईकडे. त्यातली बाई समजूतदारपणे हसली. घरोघरी हेच, असं काहीसं. आईला धड हसता आलं नाही. तिचे कान तापले होते. तिने तान्ह्याचं टोपडं उगाचच सारखं केलं.

दुकानदाराने दोन खोकी खाली काढली. पहिल्यातली बग्गी लालभडक होती, पाठीवर चमचमता पंख.

“ही दिसायला नवरी. पण खड्ड्यातून गेली की रुसते. हिचे सुटे भाग मागवावे लागतात, आणि ते कधी येतील ते देवाला ठाऊक.” त्याने ती बाजूला सारली. “ही दुसरी घ्या. रंगरूप बेताचं, पण चाकांचे दांडे नायलॉनचे आहेत. धक्का बसला की वाकतात आणि परत जागेवर येतात. चिखल, पाणी, काही चालेल. सुटे भाग माझ्याकडे कायम असतात.”

“मोटर ब्रशलेस आहे ना?” आईने विचारलं. बाळ झोपलं की ती फोनवर हेच वाचत बसायची.

“अभ्यास करून आलायत ताई तुम्ही! हो, ब्रशलेस. लवकर झिजत नाही.”

“आणि भिंतीवर आदळली तर?”

“पुढे बंपर आहे की. वेगात आदळली तरी...”

“वेगात नाही. म्हणजे चालताना नाही.” आई अडखळली. “उंचावरून. जोरात.”

दुकानदाराने पुन्हा एकदा मुलीकडे पाहिलं आणि मान हलवली.

“आणि आवाज?” आईने घाईने विचारलं. “ती जुनी फार घूंघूं करायची. दोन खोल्यांचं घर आमचं. बाळाला तासभर थोपटून निजवावं, आणि पायात ही गाडी.”

“आवाज थोडा येणारच, ताई. गाडी आहे, मांजर नाही.”

बाबाला हे फार आवडलं. तो मोठ्याने हसला, तसं तान्हं चुळबुळलं. आईचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग ती डोलत डोलत त्याला थोपटू लागली.

“रविवारी मैदानावर नेता येईल का ही?” मुलीने विचारलं. दुकानात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. “शर्यतीला?”

“येईल की,” बाबा म्हणाला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. आता तो हसत नव्हता. “पण नीट ऐक. ही शेवटची. ही मोडली की गाडी बंद, शर्यत बंद, रविवारचं मैदान बंद. मग कितीही रडलीस तरी मी ऐकणार नाही. कबूल?”

मुलीने आईकडे पाहिलं. आई तान्ह्याकडे बघत होती.

“कबूल,” मुलगी म्हणाली.

“लहान आहे रे ती,” आई पुटपुटली. “टिकाऊ गाडी घेतली की प्रश्नच मिटला.”

“गाडी बदलून माणूस बदलतो का?” बाबा म्हणाला.

आईने तान्ह्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“थांबा, भांडू नका,” दुकानदार म्हणाला. “आमच्याकडे एक पद्धत आहे. आधी आपटायची, मग घ्यायची.” त्याने फडताळाखालून तसलीच एक वापरलेली बग्गी काढली. मागच्या भिंतीला एक जाड फळी ठोकलेली होती, जागोजागी पोचे पडलेली. “घरी आपटतात तशी इथे आपटायची. त्याच ताकदीने. मोडली तर नुकसान माझं. नाही मोडली, तर डोळे मिटून घेऊन जा.”

“नको,” आई पटकन म्हणाली. “बाळ उठेल.”

“उठू दे की. आमच्या तोफेचा बार मलाही एकदा बघायचाय,” बाबा म्हणाला.

दुकानदाराने बग्गी मुलीच्या हातात दिली. विमानांपाशी उभं असलेलं जोडपंही सरकत सरकत जवळ आलं. मुलगी फळीसमोर जाऊन उभी राहिली. तिने बग्गी छातीपर्यंत उचलली, मग डोक्यावर धरली.

मग तिने हात खाली घेतले. बग्गी काउंटरवर चारही चाकं टेकतील अशी अलगद ठेवली आणि आईपाशी येऊन दोन्ही हात पुढे केले.

“मला नाही येत तसं,” ती म्हणाली. “आई, बाळाला मी घेते. तू आपट.”