अवयव नसलेली संख्या

"उघडलं का हो?" शर्वाणीने विचारलं.

शर्वाणीच्या हट्टाखातर तिच्या आईने मरणापूर्वी आपलं मन या यंत्रात साठवलं होतं आणि त्याला एका प्रचंड संख्येचं कुलूप घातलं होतं. त्या संख्येचे दोन अवयव सापडले, की आई बोलणार होती.

कुलूप उघडायला बोलावलेला गणितज्ञ हेरंब यंत्रासमोरून उठला नाही. "ताई, हिला अवयवच नाहीत. ही मूळ संख्या आहे."

"चुकून झालं असेल. औषधांच्या गुंगीत होती ती."

"एवढी मोठी मूळ संख्या चुकून हाती लागत नाही. मुद्दाम शोधावी लागते."

"एखादा लहानसा अवयव राहिला असेल. बघा ना!"

उत्तर ठाऊक असूनही हेरंबने दोनापासून भागायला सुरुवात केली. दर वेळी उरणारी बाकी बघत शर्वाणी शेजारी बसून राहिली.