सातव्या दिवसाचा बॅकअप

"आज संध्याकाळी सहाला तो बॅकअपही जाईल," सुप्रिया मॅडम म्हणाल्या. "आज तरी सगळं परत आणायला बसतेस ना?"

"बसते," योगिनी म्हणाली.

गेले सहा दिवस ती हेच म्हणत होती आणि कुणी तिला टोकत नव्हतं. बापाचा तेरावा करून आलेल्या मुलीला टोकणार कोण?

बारामती एमआयडीसीतल्या दोन खोल्यांतून सुप्रिया मॅडमची ही खाजगी अँब्युलन्स सेवा चालायची. आलेला प्रत्येक फोन, त्याची वेळ, त्याचं रेकॉर्डिंग, सगळं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये जायचं. तो डेटाबेस योगिनी सांभाळायची. हातानं तिथं काही करायचं नाही, हा नियम. तो केवढा असावा, बॅकअप किती दिवस राहावा, हे फाईलमध्ये कोड म्हणून लिहायचं, दुसऱ्यानं ते तपासून मंजूर करायचं, मग एक कमांड चालवायची. फाईलमध्ये जसं लिहिलं तसं तिकडं उभं राहतं.

चौदाव्या दिवशी कामावर येऊन तिनं त्या फाईलमध्ये डेटाबेसचं नाव बदललं. आता नाव बदललं की हे यंत्र जुना डेटाबेस पाडतं आणि नव्या नावानं रिकामा बांधतं. तसं होऊ नये म्हणून फाईलमध्ये मनाईची एक ओळ असते. तीही त्या दिवशी निघाली. तपासायचं काम अथर्वचं होतं. त्यानं न वाचताच मंजुरी दिली. पाच मिनिटांत तीन वर्षांचे फोन गेले. उरला तो शेवटचा बॅकअप, आणि तोही सातच दिवस टिकणारा.

"दुःखात होतं असं," सगळे म्हणाले. अथर्वला मात्र मॅडमनी चांगलं झापलं.

गेलेल्या फोनांत एक निरवांगीचा होता. योगिनीच्या आईचा, म्हाळसाबाईंचा. आप्पांच्या छातीत कळ आली तेव्हा केलेला. आई म्हणत होती, फोन चारला केला, गाडी येईना म्हणून पाचला परत केला. अँब्युलन्स वालचंदनगरला उभी असते, पाव तासाची वाट. ती आली सव्वापाचला, तोवर आप्पा गेले होते. चालक मानसिंग म्हणत होता, मला निरोपच पाचला आला. त्याला घरी बसवलं होतं. उद्या चौकशी होती आणि फोनांची नोंद मिळाली नाही तर मानसिंगची नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

तीनच्या सुमारास निकिता चहा घेऊन आली. फोन घ्यायला आणि चालकांना निरोप द्यायला तीच बसायची. त्या दिवशीच्या वेळा नीट आठवत नाहीत, असं तिनं मॅडमना सांगितलं होतं.

"राहू दे ना, योगिनी," ती हळूच म्हणाली. "नाही जमलं तर नाही जमलं. कोण काय म्हणणारे तुला?"

योगिनीनं चहा बाजूला ठेवला. त्यावर साय धरली तरी तिनं हात लावला नाही. आप्पा गेल्यापासून ती रडली नव्हती. लोकांना वाटायचं, पोरगी घट्ट आहे. घट्टबिट्ट काही नाही. तिला काही वाटतच नव्हतं. जेवण गिळायची, गाडी चालवायची, आणि घरी जाऊन भिंतीकडं बघत बसायची.

आईचा फोन आला.

"घावलं का गं ते?"

"न्हाय अजून."

"त्या डायवरला सोडू नगं. माझ्या मान्साचा जीव घेतलाय त्यानं."

"व्हय आई," योगिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेचारला मानसिंग स्वतःच आला. दारातच चप्पल काढून उभा राहिला. पन्नाशीचा माणूस, नऊ वर्षं एकही तक्रार नाही.

"ताई, मी आप्पांच्या हातची भाकरी खाल्लेली हाय," तो म्हणाला. "निरोप आला तसा निघालो मी. पोटावर पाय पडतोय त्याचं सोडा. पर गावात लोक मला खुनी म्हणत्यात. माझी लेक शाळंत जाईना झालीय."

योगिनीनं एक खुर्ची पुढं ओढली. "बसा मानसिंगकाका," ती म्हणाली. "करते मी."

तिनं फाईल उघडली. नवा डेटाबेस रिकामा न बांधता सात दिवसांपूर्वीच्या बॅकअपवरून बांध, असं लिहिलं. मनाईची ओळ परत घातली. अथर्वनं या वेळी एकेक अक्षर वाचलं, दोनदा वाचलं आणि मंजुरी दिली. पाच वाजून वीस मिनिटांनी तिनं कमांड चालवली.

पडद्यावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, बांधकाम चालू आहे. निकिता दोनदा पाणी प्यायला उठली. पावणेसहाला काम पूर्ण झाल्याचं दिसलं. तीन वर्षांचे फोन परत आले.

"शाब्बास," सुप्रिया मॅडम म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढली, तारीख टाकली आणि स्पीकर चालू केला. "तुला ऐकायचं नसेल तर बाहेर जा हं, योगिनी."

"नको. इथंच थांबते."

पहिला फोन चार वाजून आठ मिनिटांचा होता. आईचा आवाज खोलीत भरला. "गाडी पाठवा वो लवकर. निरवांगीला. मालकांच्या छातीत दुखतंय."

मानसिंगनं खाली मान घातली. म्हाळसाबाई खरं बोलत होत्या. अथर्व त्याच्याकडं बघेना.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तीन मिनिटांनी अजून एक फोन आलाय."

निकितानं तोंडावर हात धरला. योगिनी जागची हलली नाही. मॅडमनी बटण दाबलं.

"निकिता, मी योगिनी बोलतेय. आज मी सुट्टीवर आहे. आत्ता आईचा फोन आला असेल बघ निरवांगीवरनं, मलाही केला तिनं. आप्पांना नेहमीसारखा गॅस झालाय, आई उगंच घाबरते. आपली एकच गाडी आहे तिकडं, ती कशाला अडकवायची? नको पाठवूस."