लाराबाची आई

"लाराबाची आई? कधी?" कचेरीच्या दाराआड फोनवर बोलणाऱ्या व्यवस्थापक मुंकाइलांचा आवाज एकदम खाली आला. "पहाटे... हो. दुपारच्या नमाजानंतर माती. बरं. कसं सांगायचं ते मी बघतो."

इस्त्रीच्या जर्सींचा ढीग छातीशी धरून आत्या दाराबाहेर थबकली. वाईट बातमी थेट ज्याची त्याला देत नाहीत, आधी तिथल्या मोठ्या माणसाला कळवतात, ही रीतच होती. पण आजच यायची होती का ती?

चार वाजता नियामेच्या मैदानावर बेनिनशी सामना होता. जिंकला तर नायजरच्या मुली पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत जाणार होत्या. आणि हमखास गोल करणारी पोर एकच, लाराबा. जन्मवारावरून नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे संघात मंगळवारी जन्मलेल्या दोन तलातू होत्या, शुक्रवारच्या जुम्माई तर तीन. बुधवारची लाराबा मात्र मुलींत एकटीच.

आत्या सरळ आत गेली. अठरा वर्षं ती संघाचे कपडे सांभाळत होती; कोचबाईंपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत आणि तिचं ऐकतही.

"मला कळलंय," ती म्हणाली. "दाराआडून ऐकलं. आई गेल्याचं."

मुंकाइला ताडकन उठले. "आत्या, मी निघालोच होतो तुमच्याकडे..."

"आता कुणी कुणाकडे जायचं नाही. सामना संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मुलींना कळलं तर हातपाय गळतील त्यांचे."

"पण गाडी? ड्रायव्हरला आत्ता सांगतो."

आत्याने मनाशी अंदाज घेतला. लाराबाचं घर माराडीला, म्हणजे दिवसभराची वाट. पोर रडत रडत पोचणार ती ताज्या मातीच्या ढिगापाशी.

"गाडी नको. आता जाऊन काय हाती लागणार? आधी सामना."

"आणि आंघोळ?" मुंकाइला चाचरत म्हणाले. "शेवटची आंघोळ लेकीच्या हातची..."

आत्याने ढिगातली वरची जर्सी नीट केली. "घरात दुसऱ्या बायका असतील ना. त्या घालतील."

मुंकाइलांनी डोळे पुसले. "तुमची छाती मोठी आहे, आत्या."

आत्याला ते ऐकून कसंसंच झालं. आपण एका पोरीच्या आईचं तोंड तिच्यापासून हिरावून घेतलं, यात मोठेपणा कसला? पण आता ठरलं ते ठरलं. ती जर्सी वाटायला निघाली.

"आत्या, माझी जर्सी दोनदा इस्त्री केलीत?" लाराबाने डोळे मिचकावले. "आज माझी पाठवणी आहे वाटतं!"

"गप बस आणि जेव. घे, माझ्या वाटची मासळी पण घे."

"तुमची मासळी? मला? मग आज मी नक्की मरणार!"

आत्याने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. पोरी खदाखदा हसल्या. आत्या वळली आणि उगाचच बादली घासत बसली.

त्या दिवशी सगळेच जरा विचित्र वागत होते. मोज्यांची एक जोडी कमी भरली, तरी कोचबाई ओरडल्या नाहीत. उलट आत्याच्या हातातली बादली त्यांनी स्वतः उचलली. डॉक्टरांनी आपला चहा तिच्यापुढे केला. त्यांनाही बातमी कळली असणार, म्हणून बिचारे हळवे झालेत, असं आत्याला वाटलं.

दुपारची बांग झाली तेव्हा तिला राहून राहून आपली आई आठवत होती. म्हातारी दोसोला, जेमतेम अडीच तासांवर. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. आत्या थोरली, आणि थोरल्या लेकराचं नाव आईने घ्यायचं नाही, ही लाज म्हातारीने पन्नास वर्षं पाळली होती. "अगं ए" एवढीच हाक. रविवारी जाऊन तिचे पाय चेपून द्यायचे, असं आत्याने ठरवून टाकलं.

शेवटची दहा मिनिटं उरली होती तेव्हा लाराबाने डाव्या पायाने चेंडू जाळ्यात मारला. मैदान पेटलं. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या. बाकावर आत्या एकटीच ओढणीचं टोक तोंडात कोंबून रडत होती. किती हसतेय ही, आणि आता मीच हिला सांगायचं.

सामना जिंकल्यावर तिने लाराबाला हात धरून कोपऱ्यात नेलं. "बाळ, खाली बस. धीर धर. तुझी आई..."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" लाराबा ओरडली. "मला आत्ता दिसली! गुपचूप आली, काल रात्रीच्या बसने!"

तेवढ्यात दारातून निळ्या झग्यातली एक जाडजूड बाई घुसली. हातात माराडीच्या वाळवलेल्या मांसाचं पुडकं, तोंडाने आनंदाचा गजर. लेकीला तिने उचलूनच घेतलं.

आत्या बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. दिवसभराचं ओझं उतरलं आणि ती हसत, डोळे पुसत बाहेर धावली. मुंकाइला गाडीपाशी उभे होते. गाडी चालू होती.

"अहो, काय हा घोळ!" आत्या लांबूनच ओरडली. "जीव टांगणीला लावलात दिवसभर! ही काय लाराबाची आई, ठणठणीत!"

मुंकाइलांचा चेहरा उतरला. मग त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"लाराबाबाई," ते आत्याला म्हणाले, "दोसोला तुमच्या भावाने तीन वाजेपर्यंत माती थांबवली होती. म्हणत होता, थोरली निघाली असेल, येईलच आता. मग मीच त्याला तुमचा निरोप सांगितला."