एफ-टूचं बटण

ज्ञानदाने लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि पडदा उजळायच्या आत एफ-टूचं बटण दाबत सुटली. उपयोग शून्य. पडद्यावर परत तेच उमटलं: कैलास पडळघरे, पासवर्ड टाका.

"काय म्हणतंय?" ओसरीच्या कडेला बसलेल्या वाल्मीकअण्णांनी विचारलं.

"काका, कैलासदादांनी शेवटच्या आठवड्यात ह्यात दुसरी सिस्टिम टाकली होती. लॅपटॉप थेट तीच उघडतो आणि तिचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. व्हिडिओ जुन्या सिस्टिममध्ये आहेत. तिचा पासवर्ड वहिनींना माहीत आहे, पण ती निवडायची तर सुरू होतानाच एफ-टू दाबून आतल्या सेटिंगमध्ये शिरावं लागतं. ते सेटिंगच उघडत नाहीये."

"म्हंजी हाय घरातच, पर दार उघडंना."

"तसंच."

कैलास, अण्णांचा मुलगा, श्रावणात हिंजवडीहून नोकरीवरून घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला. त्याचा मोबाइल तिथेच चेचला. राहिला तो हा लॅपटॉप. लॅपटॉपच्या दुकानदाराने तो उघडून देतो म्हटलं, पण आतलं सगळं पुसावं लागेल असंही म्हटलं; तेव्हा अण्णांनी तो काखेत मारून तडक गावी, रिह्याला, परत आणला. आज रविवार, वरच्या खोलीतली भाडेकरू ज्ञानदा घरी होती, म्हणून कैलासच्या बायकोने, स्नेहलने, भीत भीत तिला विचारलं होतं.

"जमलं तर बघा ताई," अण्णा म्हणाले. "त्याचा आवाज इसरत चाललोय मी. काल लई आठवला, तर दुसऱ्याच कुनाचा आला कानात."

स्नेहल सासऱ्यांकडे बघतच राहिली. हे तिला ठाऊक नव्हतं. तिचंही तेच होत होतं, पण ते बोलून दाखवायची तिची छाती झाली नव्हती.

आयटीतली माणसं निम्मी नोकरी इंटरनेटला विचारून करतात. ज्ञानदाही मोबाइल मांडीवर ठेवून तेच करत होती. कुणी म्हणे चार्जर काढा, कुणी म्हणे चालू करायचं बटण दाबून धरा, कुणी म्हणे लॅपटॉप फार झटपट सुरू होतो म्हणून सेटिंग हुकतं. तिने सगळं करून पाहिलं. शेवटी वैतागून तिने एफ-टूवर बोट ठेवलं आणि सावकाश दाबलं. बाजूची बटणं टकटक खाली जात होती. हे जागचं हललं नाही.

तिने केसातली पिन काढून ते बटण अलगद उचकटलं. खाली काहीतरी लाल वाळून घट्ट बसलं होतं.

"कुंकू आहे हे. दसऱ्याला पूजा केलीत का ह्याची?"

"छे," स्नेहल म्हणाली. "वर्षाच्या आत कसला दसरा? तोरणसुद्धा न्हवतं लावलं आम्ही."

अण्णा अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते.

"मी केली," ते म्हणाले. "कोयता न्हाई काढला, इळा न्हाई काढला. त्याचं हत्यार तेवढं काढलं. दर साली आपल्या हातानं आनून ठिवायचा माज्या कोयत्याशेजारी. कुंकवात पानी जरा जास्त झालं."

"मला हाक मारायची की अण्णा."

"आनि तुला परत रडवायचं?"

ज्ञानदाने वरून सॅनिटायझर आणला. कापसाचा बोळा मात्र स्नेहलने तिच्या हातातून घेतला आणि स्वतः पुसायला बसली. कुंकू विरघळलं तशी तिची बोटं लाल झाली. श्रावणानंतर आज पहिल्यांदा तिच्या बोटांना कुंकू लागलं होतं. अण्णांनी मान फिरवली. तिने निगुतीने सगळं पुसलं आणि बोटं पदराला न पुसता तशीच राहू दिली.

ज्ञानदाने बटण परत बसवलं आणि लॅपटॉप सुरू करताना ते दाबलं. ह्या वेळी सेटिंगचं करड्या रंगाचं रुक्ष पान उघडलं. तिने त्यात जुनी सिस्टिम वर घेतली आणि लॅपटॉप स्नेहलपुढे सरकवला. स्नेहलने पासवर्ड टाकला.

व्हिडिओ पुष्कळ होते. ताम्हिणी घाटातला पाऊस होता, व्यालेली म्हैस होती, स्नेहलचा वाढदिवस होता. पण सगळे कैलासनेच काढलेले, त्यामुळे तो एकाही व्हिडिओत नव्हता. स्नेहल एकेक उघडून बंद करत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

मग भाताचं खाचर आलं. गुडघाभर चिखलात वाल्मीकअण्णा, हातात रोपांची जुडी, कपाळाला आठ्या.

"अण्णा, हिकडं बघा की," कैलासचा आवाज आला. अगदी जवळून, ओसरीवर बसल्यासारखा. "हसा की जरा."

"चल हो तिकडं. कामं पडल्यात हितं," पडद्यावरचे अण्णा खेकसले आणि पाठ फिरवून वाकले. कैलास खो खो हसला. व्हिडिओ संपला.

ज्ञानदा हळूच उठून जिन्याकडे गेली.

"परत लाव," अण्णा म्हणाले.

स्नेहलने परत लावला.

"अण्णा, हिकडं बघा की. हसा की जरा."

वाल्मीकअण्णांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि लॅपटॉपकडे बघून हसले.