बायकोच्या कमरेसाठी

"परसबाग खणून खणून तुझी कंबर मोडते, मला बघवत नाही," असं म्हणत नवऱ्याने भंगारातून एक जुना, छोटा ट्रॅक्टर उचलून आणला, तेव्हा तिला अगदी भरून आलं.

इंजिन उघडायला सपाट जागा हवी, म्हणून वांग्यांच्या वाफ्यावर फरशी आली. गिअरबॉक्सचे सुटे भाग पसरायला टोमॅटो गेले. रंगावर धूळ बसू नये, म्हणून भेंडीच्या जागी पत्र्याची शेड उभी राहिली. आणि मागे नांगर जोडायचा म्हणून साहेबांनी उरल्यासुरल्या पालकावर वेल्डिंगचं दुकानच थाटलं. ती आपली चहा पुरवत राहिली. कंबर तिचीच होती ना!

अखेर लालभडक ट्रॅक्टर धडधडला. मागे नवाकोरा नांगर, पुढे दिवा, बुडाखाली मऊ गादी.

"आता तुझं रोजचं काम चुटकीसरशी!" नवरा ऐटीत सीटवर बसून म्हणाला. "बोल, कुठून सुरुवात करू?"

ती आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतली पुदिन्याची कुंडी आणून तिने ट्रॅक्टरसमोर फरशीवर ठेवली.

"एवढीच माती उरलीय. वळवताना जपून हं."