तुलनेसाठी नवरा

"तुम्ही फक्त तुलनेसाठी," डॉक्टरीणबाई शिंप्याला म्हणाल्या. "चिंतेचा आजार असलेल्यांच्या मेंदूची ठेवण वेगळी असते का, ते आम्ही तपासतोय. म्हणून त्यांच्याबरोबर घरातलंच एक धडधाकट माणूस लागतं."

"म्हणजे आमच्यात शहाणा मी. हे जरा हिला लिहून द्या."

त्याची बायको शेजारी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली होती. तिला लिफ्टचीसुद्धा धास्ती. मेंदूचं चित्र काढणाऱ्या त्या मशीनच्या नळकांड्यात शिरायला ती तयार कशी झाली, देव जाणे. नुसती तयार नव्हे, तिनेच भुणभुण लावली होती. तुम्ही आलात तरच मी जाईन, हेच पालुपद. शेवटी दुकानाला कुलूप घालून तो आला होता.

"हिची काळजी म्हणजे काय सांगू," तो म्हणाला. "मी शिवलेला कपडा ही उसवते आणि पुन्हा शिवते. हल्ली रोजचंच झालंय. जन्म गेला माझा मशीनवर, पण हिच्या जिवाला घोर."

"असते एकेकाची खोड," बायको म्हणाली.

आधी ती आत गेली. बाहेर आली तेव्हा ओठ पांढरेफटक पडले होते, पण भीती वाटली तर दाबायला दिलेला रबरी फुगा तिने एकदाही दाबला नव्हता. मग तो गेला आणि आत चक्क डुलकी काढून आला.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्यालाच बोलावलं.

"हिच्या डोक्यात काय निघालं?"

"एकाच्या चित्रावरून चिंता दिसत नाही. शेकडो चित्रं ताडून पाहावी लागतात." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "तुमच्या चित्रात मात्र गाठ दिसतेय. मोठी आहे. उशीर झालाय, पण लगेच सर्जनकडे जायला हवं."

शिंप्याला रडू फुटलं. डोळे त्याने बाहीने पुसले.

"बायकोला कळू देऊ नका. हाय खाईल ती."

"तुमच्या परवानगीशिवाय मी कुणालाच सांगणार नाही."

बाहेर येऊन तो बायकोला म्हणाला, "माझं डोकं रिकामंच निघालं. वीज फुकट गेली म्हणाले."

ती खळखळून हसली. तो चहा आणायला वळला, तशी ती उठून डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली.

"मी काही विचारत नाही. तुमचा चेहराच सांगतोय," ती म्हणाली. "त्यांचा डावा हात लुळा पडत चाललाय. शिवण वाकडी येते, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून मी उसवते. दवाखान्यात चला म्हटलं, की माझ्याच घाबरटपणावर ढकलतात. मग तुमची जाहिरात वाचली. घरच्या माणसाचंही डोकं बघणार होतात ना, तेवढंच हवं होतं मला."

शिंपी जिन्यावरून चहा घेऊन येताना दिसला. बायकोने घाईघाईने डोळे पुसले.

"मला कळलंय हे त्यांना सांगू नका," ती म्हणाली. "मला धीर देता देताच ते धीर धरतील."